सामायिक स्पीकर

न्यू जर्सीतल्या मराठी घरी जेवायला गेलं, की पानं वाढायच्या आधी यजमान एकदा तरी विचारतोच, "जरा खाली येता का?" खाली म्हणजे बेसमेंटमध्ये. रिवाज ठाऊक असलेले पाहुणे सावध असतात. कुणाचा फोन गाडीत राहिलेला असतो, कुणाचा गुडघा नेमका जिना दिसताच धरतो, कुणी आयुष्यात पहिल्यांदाच कोशिंबिरीला मदत करायला स्वयंपाकघरात शिरतो. नवखा तेवढा सापडतो. त्याला सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवतात, दिवे मंद करतात आणि त्याच्या टाळूवरून एक हेलिकॉप्टर नेतात.

"कळलं का?" यजमान विचारतो.

"हो, गेलं."

"कुठून कुठे?"

पाहुणा घाबरून वरच्या मजल्याकडे, म्हणजे जेवणाच्या दिशेला, बोट दाखवतो.

आमच्या गावाला हे शोभूनच दिसतं. गावाचं नावच एडिसन. १९५४ पर्यंत ते रॅरिटन टाउनशिप होतं; मग त्याने आपल्या सर्वांत नामांकित रहिवाशाचं नाव लावून घेतलं. इथल्या मेन्लो पार्क भागात थॉमस एडिसनने १८७७ साली कथलाच्या वर्खावर आवाज कोरला आणि तोच परत वाजवून दाखवला. आज तिथून जवळच, ओक ट्री रोडवर, जिलेबी, सोनं आणि इमिग्रेशनचे वकील एका रांगेत मिळतात आणि आजूबाजूच्या घरांच्या तळघरांत आम्ही मंडळी अजून आवाजाच्या मागे लागलेलो आहोत. एडिसनला स्वतःला ऐकायला कमी यायचं. तो फोनोग्राफच्या लाकडाला दात लावून ऐकत असे. त्याच्या गावात आजही बरेच जण दातओठ खाऊनच ऐकतात.

आमच्यात दोन पंथ आहेत. पहिला संगीतपंथ. यांच्याकडे दोन स्पीकर असतात, एक स्टिरिओ ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला जेमतेम दोन बटणं असतात. बटणं जितकी कमी तितकी किंमत जास्त, हा या पंथाचा मूलमंत्र. बास आणि ट्रेबल कमीजास्त करायची सोय ज्या ॲम्प्लिफायरला आहे, तो घरात ठेवणं ते कमीपणाचं मानतात. दुसरा सिनेमापंथ. यांचे स्पीकर पाच, सात, नऊ असे वाढत वाढत शेवटी छताला लागतात आणि मधोमध बसतो ए. व्ही. रिसिव्हर. त्याच्या पाठीवर इतकी भोकं असतात, की मालकाला त्यांतली निम्मी माहीत नसतात आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याचा गैरसमज असतो. संगीतवाले सिनेमावाल्यांना पोरकट म्हणतात. सिनेमावाले संगीतवाल्यांना काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना ऐकूच गेलेलं नसतं.

माझं दुर्दैव असं, की मी दोन्ही पंथांची दीक्षा घेतली आहे. रविवारी सकाळी मला दोन तंबोऱ्यांच्या मधोमध बसलेला गवई हवा असतो आणि शनिवारी रात्री चहूबाजूंनी कोसळणारं अवकाशयान. दोन्हीकडचे कडवे लोक मला बाटलेला समजतात. बरं, दोन्ही कामांना लागतात ते समोरचे डावे-उजवे मोठे स्पीकर, आणि त्यांची आमच्याकडे एकच जोडी. दुसरी आणायचा विषय मी एकदा अत्यंत नाजूकपणे काढून पाहिला.

"आण की," बायको म्हणाली. "आणखी एक लाकडी खोकं आलं, की त्यात तुझे कपडे भरून ते गॅरेजमध्ये ठेवीन. मागून तूही जाशील."

या कायद्यावर अपील नाही. म्हणून एक जोडी, दोन ॲम्प्लिफायर.

इतिहास बघितला तर हा तंटा व्हायलाच नको होता. १९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक इंजिनिअर बायकोला घेऊन सिनेमाला गेला. पडद्यावर नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला सहन होईना. यावर आपल्याला उपाय सुचल्याचं त्याने बायकोला सांगितलं, असं म्हणतात, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन चॅनेलच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज टाकला. सिनेमाला बायकोशेजारी बसून पडद्याऐवजी स्पीकरकडे बघायची पुरुषांची परंपरा निदान तेव्हापासूनची तरी आहे. तर, स्टिरिओचा जन्मच मुळी सिनेमाच्या थिएटरातला. पुढे १९५८ च्या सुमारास तो तबकड्यांवर बसून दिवाणखान्यात राहायला गेला. सिनेमाने आपला संसार निराळा वाढवला. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओचं नाव घरोघरी केलं आणि २०१२ साली 'ब्रेव्ह'बरोबर ॲटमॉस आलं, तेव्हा आवाज थेट छतावर चढला. सख्खे भाऊ मोठे झाले, वेगळे झाले आणि सगळं जग सोडून वाटणीला बसले ते माझ्या बेसमेंटमध्ये.

कोकणात माझ्या आजोळी अशीच एक सामायिक विहीर होती. दोन भावांची विहीर, एकच रहाट आणि दोर मात्र दोन. पाणी कधीच कुणाला कमी पडलं नाही; पण तालुक्याच्या वकिलांची दोन घरं त्या विहिरीवर उभी राहिली.

साध्या सरळ माणसाला वाटतं, दोन्ही ॲम्प्लिफायरच्या तारा स्पीकरच्या पाठीमागे एकदम अडकवाव्यात. जो चालू असेल तो वाजेल. इथे थांबून हात जोडून सांगतो, असं कधीही करू नका. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी विजेला अडवणारं जवळजवळ काही नसतं, ओहमचा एक किरकोळ अंश. स्पीकर आठ ओहमने विरोध करत असताना शेजारी असं सताड उघडं दार दिसलं, की पहिल्या ॲम्प्लिफायरची ताकद स्पीकरला सोडून दुसऱ्याच्या घरात शिरते. दुसरा झोपलेला असला तरी धोका टळत नाही. थोड्या वेळाने वास येतो. हा वास स्वस्त आणि महाग यंत्रांचा अगदी सारखाच असतो.

मग कायदेशीर मार्ग कोणता? आमच्या मित्रमंडळात याचे तीन आचार्य आहेत.

पार्लेकर म्हणाला, "मध्ये स्विचची पेटी बसव. इकडे दाबलं की संगीत, तिकडे दाबलं की सिनेमा. फक्त पेटी अशी घे, की आधी पहिला सुटतो आणि मगच दुसरा लागतो. क्षणभर जरी दोघं एकदम आले ना..." पुढचं न बोलता त्याने डोळे मिटले.

नागपूरकर म्हणाला, "कायले पेटीगिटी घेऊन राहिला बे? रिसिव्हरच्या मागं प्री-आउट आहे न? समोरच्या दोन चॅनेलची वायर त्याच्यातून काढ, स्टिरिओत घाल. स्पीकर स्टिरिओलेच राहू दे. संपला विषय."

सांगलीकर म्हणाला, "एक ॲम्प्लिफायर विकून टाक की."

सांगलीकराशी आमचं बोलणं सध्या बंद आहे.

नागपूरकराची योजना खरोखर सुरेख आहे. स्पीकर कायम स्टिरिओचे. गाणं ऐकताना रिसिव्हर झोपलेला. सिनेमा लागला, की रिसिव्हर मागच्या आणि वरच्या स्पीकरांचं काम स्वतः बघतो आणि समोरच्या दोघांपुरता संदेश स्टिरिओच्या हाती देतो. यासाठी स्टिरिओला 'होम थिएटर बायपास' नावाचं एक दार असावं लागतं. त्या दारातून आलेल्या आवाजाला स्टिरिओचं व्हॉल्यूमचं बटण शिवत नाही. आवाज किती ठेवायचा ते रिसिव्हर एकटाच ठरवतो. माझा स्टिरिओ या दाराच्या आधीच्या पिढीतला. विद्यार्थी असताना एका गॅरेज सेलमध्ये घेतलेला, समोर ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, आणि बटण असं की फिरवताना हाताला जबाबदारी जाणवते. तो बदलायचा का, हे बघायला आम्ही उभयता एका दुकानात गेलो.

विक्रेता वयाने आमच्या मुलापेक्षा लहान होता. त्याने पहिला प्रश्न केला, "किती वॅट पाहिजेत?"

वॅट हा अमेरिकन माणसाचा जुना हळवा विषय. एके काळी इथल्या कंपन्या जाहिरातीत इतके वॅट छापायच्या, की खरे मानले असते तर घरातले दिवे मंद झाले असते. शेवटी १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की वॅट सांगायचे तर सलग चालवून, मोजून सांगा. २०२४ मध्ये त्या नियमाची पुन्हा डागडुजी करावी लागली. म्हणजे मधली पन्नास वर्षं कंपन्यांची कल्पनाशक्ती स्वस्थ बसली नव्हती. गंमत अशी, की वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. आणि घरात बसून, गप्पा मारत गाणं ऐकायला साधारण एक वॅट पुरतो. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर घेणारा माणूस नव्व्याण्णव वॅट अब्रूसाठी राखून ठेवतो.

मी त्या मुलाला माझी सगळी अडचण समजावून सांगितली. वहीत आकृती काढली. दोन रंग वापरले. त्याने ती सरळ धरून पाहिली, आडवी धरून पाहिली आणि म्हणाला, "सर, तुम्ही दोन्ही देऊन टाका. एक साउंडबार घ्या. एक वायर, एक रिमोट."

मी दुकानाच्या छताकडे पाहिलं. बायको मात्र त्या मुलाकडे अशा मायेने पाहू लागली, की मी तिला घाईघाईने तिथून बाहेर काढलं. येताना फक्त दोन वायरी आणल्या. त्यांची किंमत मी घरी डॉलरमध्ये सांगितली नाही, फुटांत सांगितली.

बायपासचं दार नसेल तर त्यावर देशी तोड आहे. रिसिव्हरची वायर स्टिरिओच्या साध्या ऑक्झिलरीत घालायची आणि स्टिरिओचं व्हॉल्यूम एका ठरलेल्या खुणेवर आणून तिथेच सोडायचं. सिनेमा बघताना बटण खुणेवर. गाणं ऐकताना पुन्हा खाली. खुणेसाठी मी बायकोची एक टिकली घेतली आणि बटणाच्या कडेला, बाराच्या काट्यावर, चिकटवली. लाल टिकलीमुळे ॲम्प्लिफायर सौभाग्यवती दिसू लागला. "माझं पाकीट संपलं तर ओक ट्री रोडला तू जाशील," एवढंच बायको म्हणाली.

इतकं होईपर्यंत उन्हाळा आला आणि सासूसासरे आले. न्यू जर्सीत वसंत ऋतू ट्यूलिपवरून ओळखतात आणि उन्हाळा पार्कातल्या बाकांवर बसलेल्या, पांढरेशुभ्र नवे स्पोर्ट्‌स शूज घातलेल्या आईवडिलांवरून. आमचे सासरे पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि त्याआधीपासून गाणं शिकत असलेले. मी त्यांना रिवाजाप्रमाणे खाली नेलं. सोफ्याच्या मधोमध बसवलं. हेलिकॉप्टर नेलं.

"कळलं का, बाबा?"

"जावईबापू," ते म्हणाले, "गीतरामायण आम्ही एका रेडिओवर ऐकलं. पंचावन्न साल, पुणे केंद्र, दर आठवड्याला नवीन गाणं. अख्खा वाडा त्या एका पेटीसमोर. राम डावीकडे उभा आहे की उजवीकडे, असं कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही."

मी हेलिकॉप्टर उतरवलं आणि गाणं लावायला उठलो. पण गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरांतून एक आवाज येऊ लागला. घूंऽऽऽ. मंद, सलग, कुठेही श्वास न घेणारा. दोन यंत्रं वायरीने एकमेकांना बांधली, की हा पाहुणा हमखास येतो. दोघांची जमीन, म्हणजे अर्थिंग, वेगवेगळ्या वाटांनी जोडलेली असते आणि त्या दोन वाटांच्या वर्तुळात घरातली वीज फेऱ्या मारत गुणगुणते. मी वायरी हलवल्या, प्लग बदलले, पालथा पडून टॉर्च तोंडात धरली. घूं तशीच.

सासऱ्यांनी डोळे मिटले होते. "छान लागलाय," ते म्हणाले. "पण आमच्यापेक्षा चढा आहे."

"काय चढा आहे?"

"सूर. आमच्या देवघरातल्या ट्यूबलाइटचा चोक मी तीस वर्षं ऐकतोय. त्याला षड्ज धरला, तर तुमची अमेरिका कोमल गंधारावर आहे."

मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब केला आणि उठून बसलो. भारतातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, अमेरिकेतली साठ. साठाला पन्नासने भागलं, की सहा पंचमांश. आणि षड्जापासून सहा पंचमांशावर बसतो तो चोख कोमल गंधार. एका अख्ख्या देशाच्या वीजपुरवठ्याचा सूर माणसाने बसल्या जागी, मिटल्या डोळ्यांनी सांगितला होता. मी बायकोला उठवून हे सांगितलं. तिने जे उत्तर दिलं त्यात कोमल काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सासरे रोज चहा झाला, की खाली जाऊन घूं लावून बसू लागले. "तंबोरा जुळवायची कटकट नाही," ते म्हणायचे. मी मात्र तिच्या मुळावर उठलो होतो. केबल टीव्हीची वायर बाहेरून स्वतःची वेगळी जमीन घेऊन येते आणि बहुतेक वेळा खोड तिथेच असते, असं पार्लेकराचं निदान. ते खरं की खोटं हे ठरवायच्या आत सासूबाईंनी टीव्हीच्या मागची धूळ पुसली, केबलची वायर सुटली आणि घूं थांबली. मी आनंदाने ओरडलो. सोफ्यावरून सासऱ्यांचा दुखावलेला आवाज आला, "कुणी बंद केलं रे? मी आत्ता कुठे मध्यलयीत आलो होतो!"

केबलच्या वायरीत एक छोटी डबी घालून तो प्रश्न मिटला आणि यंत्राला खोली ओळखून द्यायचं काम आलं. आजकालचे रिसिव्हर स्वतः ऐकतात. त्यांच्यासोबत एक मायक्रोफोन येतो. तो सोफ्यावर, माणसाचे कान जिथे असतील तिथे ठेवायचा. मग एकेका स्पीकरमधून फुईंक, फुईंक असे आवाज निघतात आणि रिसिव्हर ठरवतो, की कोण किती लांब आहे आणि कोण जास्त बोलतोय. जागा बदलून हा प्रकार पुनःपुन्हा करायचा. अट एकच, घरात पूर्ण शांतता पाहिजे.

मराठी घरात पूर्ण शांतता फक्त गॅसचं बिल किती आलं असं विचारल्यावर पसरते. तरी मी सगळ्यांना विनंती केली. फ्रीज बंद केला. मुलाला बाहेर पाठवलं. पंखे थांबवले. पहिला फुईंक झाला आणि वरून कुकरची शिट्टी झाली. रिसिव्हरने काम थांबवून पडद्यावर लिहिलं : खोलीत गोंगाट फार आहे. पुन्हा सुरू केलं. सासऱ्यांना शिंक आली. पुन्हा सुरू केलं. सासूबाई जिन्यावर येऊन कुजबुजल्या, "अहो, संपलं का? पोळ्या करायच्यात." मराठी कुजबुज साधारण पार्किंगपर्यंत ऐकू जाते. शेवटी भल्या पहाटे, सगळे झोपलेले असताना, मी एकट्याने ते काम उरकलं. निकाल आला, की उजवा स्पीकर माझ्यापासून नऊ फूट आहे, डावा नऊ फूट आहे आणि पाठीमागचा एक स्पीकर साधारण शेजाऱ्यांच्या लॉनवर आहे.

मग मी सगळ्यांसाठी सूचनापत्र तयार केलं. लॅमिनेट करून भिंतीवर लावलं.

सिनेमा बघणे : आधी टीव्ही लावा. रिसिव्हर लावा. स्टिरिओ लावा. स्टिरिओ ऑक्झिलरीवर आणा. बटण टिकलीवर आणा. आता रिसिव्हरच्या रिमोटने आवाज वाढवा. स्टिरिओच्या बटणाला हात लावू नये.

गाणे ऐकणे : रिसिव्हर बंद करा. आधी बटण टिकलीवरून पूर्ण खाली आणा. मगच स्टिरिओ सीडीवर आणा. मग बटण हळूहळू वर न्या.

बायकोने ते वाचलं. "आणि आग लागली तर कुठून बाहेर पडायचं?" तिने विचारलं.

'पूर्ण खाली आणा' या ओळीचं महत्त्व पुढच्याच रविवारी गल्लीला कळलं. शनिवारी रात्री आम्ही सिनेमा बघितला होता. बटण टिकलीवरच राहिलं होतं. पहाटे सासऱ्यांना ललत ऐकायची इच्छा झाली. त्यांनी सूचनापत्र वाचलं नाही, कारण चष्मा वर होता. सीडी घातली आणि बसले. सिनेमासाठी बांधून ठेवलेलं व्हॉल्यूम शास्त्रीय संगीताला फार होतं. पहिला आलाप निघाला आणि माझ्या अंगावरची रजई हलली. आयुष्यभर राखून ठेवलेले ते नव्व्याण्णव वॅट त्या सकाळी एकदम कामावर आले. खाली पोहोचेपर्यंत दारावर टकटक झाली. कुत्र्याला फिरवायला निघालेले शेजारी दारात उभे होते.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "आत कुणी अडचणीत आहे का?"

मागून सासरे आले. "त्यांना म्हणावं, अडचण काही नाही. ललत आहे," ते म्हणाले. "आणि दोन मध्यम लागतात, हेही सांगा."

मी सांगितलं. शेजारी मान डोलावत गेले. कुत्रा मात्र बराच वेळ वळून बघत होता. मला वाटतं, त्याला मध्यम कळले.

यानंतर बायपास असलेला नवा स्टिरिओ घ्यावा, या माझ्या मताला जोर आला. पण जुना आणि नवा यांत फरक आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. पार्लेकराने आपला बायपासवाला उचलून आणला, नागपूरकर परीक्षक म्हणून आला, आणि बोलणं बंद असलेला सांगलीकरही आला, कारण जेवण होतं. दोन्ही यंत्रं पडद्याआड ठेवली. मध्ये पार्लेकराची स्विचची पेटी. बायकोला तिच्याजवळ बसवलं आणि सांगितलं, अधूनमधून बटण दाबायचं आणि फक्त 'एक' किंवा 'दोन' म्हणायचं.

"एक," बायको म्हणाली. एकाच बंदिशीची तीच पहिली ओळ. आमच्यात पूर्ण बंदिश कुणी ऐकत नाही. तबला लागेपर्यंत ऐकतात आणि मग तार बदलतात.

"दोन."

"आहाहा!" पार्लेकर ओरडला. "आता तबल्याची शाई दिसते!"

"एक."

"पुन्हा मळभ आलं," नागपूरकर म्हणाला. "बुढ्यानं तोंडात पान ठेवून गायल्यावानी वाटते."

"दोन."

"गवय्याच्या मागची भिंतसुद्धा ऐकू येते," मी म्हणालो. "भिंतीला नुकताच रंग दिलेला आहे."

सासरे आणि सांगलीकर काही बोलले नाहीत. ते चकली खात होते.

आम्ही एकमताने दोन नंबरच्या बाजूने कौल दिला आणि पडदा बाजूला केला. बायको खुर्चीत बसून मुलाचा स्वेटर विणत होती.

"दोन नंबर कुठला होता?" मी विचारलं.

"कुठलाच नाही. मला बटण सापडलंच नाही. तुम्ही इतके रंगात होतात, म्हटलं आपलं आलटूनपालटून आकडे म्हणत राहावं."

बराच वेळ फक्त चकलीचा आवाज येत होता. मग पार्लेकर खाकरला. "याचा अर्थ," तो गंभीरपणे म्हणाला, "दर थोड्या वेळाने वीज स्वच्छ येते." नागपूरकराने ते लगेच मान्य केलं. पुढच्या आठवड्यात दोघांनीही वीज स्वच्छ करणारी यंत्रं मागवली. सांगलीकराने जाताना साउंडबारच्या दुकानाचा पत्ता विचारला. तो पत्ता त्याला बायकोने दिला.

सहा महिन्यांची मुदत भरली आणि सासूसासरे परत निघाले. निघायच्या आदल्या रात्री सासरे खाली आले, सूचनापत्राचा फोटो काढला, रिसिव्हरच्या पाठीमागे टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले. "उगाच," ते म्हणाले. "वेळ जात नव्हता."

दोन महिने काही कळलं नाही. मग एका सकाळी फोन आला. पुण्यात रात्र होती.

"जावईबापू, तपकीर गल्लीतून एक जुना स्टिरिओ आणलाय. मुलाचा रिसिव्हर माळ्यावर पडून होता, तो काढला. तुमच्यासारखंच जोडलं, प्री-आउटमधून. टिकलीही लावली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही."

"वा, बाबा! कसं वाजतंय?"

"वाजायचंय अजून. सध्या नुसती घूं येतेय."

"मग केबलची वायर काढून बघा..."

"अहो, काढू कशाला?" ते दुखावून म्हणाले. "इतक्या महिन्यांनी षड्ज सापडलाय!"

मागून सासूबाईंची कुजबुज ऐकू आली. पुण्यातून एडिसनपर्यंत, स्वच्छ, एकाच स्पीकरवर.

"कुणाची टिकली म्हणालात?"